बसला साइड न देण्याचे परिणाम

मित्रांनो, आज सासवडहून येताना दिवे घाटात एक बस माझ्या बाईकला चिकटून हॉर्न वाजवत होती. अंतर ठेवा म्हणून हात केला, तरी ऐकेना. डोकं सटकलं. मग हडपसरपर्यंत मुद्दाम हळू चालवली, साइड दिलीच नाही.

हडपसरच्या स्टॉपवर 'ती'ला भेटायचं होतं, क्लासच्या आधी अर्धा तास. कॉलेज सोडल्यापासून माझ्याकडे वेळच वेळ आहे, तिच्याकडे नाही.

ती त्याच बसमधून उतरली.

"पाचच मिनिटं उरलीत. पुढे एक बिनडोक बाईकवाला रांगत होता."

"असतात गं असे लोक."

ड्रायव्हरकाका खिडकीतून म्हणाले, "ताई, हेच ते साहेब."

ती पाच मिनिटं आधीच क्लासला गेली.

चूक बसचीच होती ना? कमेंटमध्ये स्पष्ट लिहा. ती वाचते.