हशासाठी सोडलेली जागा

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, रस्त्यात लोक ‘हवालदार’ म्हणून हाक मारतात. पोलिसखात्याशी त्यांचा संबंध एवढाच, की एका जुन्या सिनेमात ते चौकीतल्या खुर्चीवर झोपलेले हवालदार होते आणि चोर त्यांचीच टोपी घालून पळून गेला होता. त्या एका झोपेवर माणसाची ओळख पक्की झाली. आयुष्यभर जे जागरण केलं, ते कुणाच्या खिजगणतीत नाही.

सुरुवात कारखान्यात झाली. वार्षिक समारंभात दाजींनी मॅनेजरची नक्कल केली. कामगार हसून लोळले, मॅनेजरही हसला, आणि लवकरच दाजींची बदली गोदामात झाली. तिथे बोलायला समोर फक्त पोती. दाजींनी नोकरी सोडली. त्या दिवशी आमचे बाबा ताईला म्हणाले, “मी जावई केला होता, विदूषक नव्हता केला.” आमच्या घरात बाबा बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये कुणी तोंड उघडायची पद्धत नव्हती.

मग क्लबचे हॉल, दुकानांची उद्घाटनं, कंपन्यांच्या पार्ट्या. एकटा माणूस, हातात माइक, समोर जेवणारी माणसं. माझं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे स्पीकर माझा, गाडी माझी, आणि ड्रायव्हर म्हणून फुकटचा मेहुणाही मीच. अधूनमधून सिनेमा-मालिकांत छोटी कामं मिळायची. शिपाई, वॉचमन, शेजारच्या खाटेवरचा पेशंट. पडद्यावर दोन-तीनदा मेलेसुद्धा. मरायचं काम त्यांना मनापासून आवडे, कारण दिवसभर आडवं पडायला मिळे.

धंद्याचा पहिला नियम त्यांनी मला गाडीत शिकवला होता. हशावर बोलायचं नाही. वाक्य टाकायचं आणि थांबायचं. हसू उठतं, वर चढतं, उतरायला लागलं की पुढचं वाक्य. “घाई केलीस की लोक हसू गिळून ऐकायला लागतात,” ते म्हणायचे, “आणि गिळलेलं हसू परत येत नाही. कुणी नाही हसलं तरी जागा सोडायची.”

ती जागा सोडता सोडता साठी उलटली. गुडघे बोलायला लागले, घसा बोलेनासा झाला. समोरची माणसं ताटातून मान वर काढली तर मोबाइलमध्ये घालायची. परतीच्या वाटेवर दाजी खिडकीला डोकं टेकून बसायचे. एकदा म्हणाले, “हसवायला उभा राहतो ना, तर आधी मलाच जांभई येते रे.” मी हसलो नाही. तेही थांबले नाहीत, यावरून कळलं की ते खरं बोलत होते.

अशात मालिकेतल्या आजोबांचं काम आलं. रोजचं काम, स्टुडिओ घराजवळ, बरेचसे प्रसंग खुर्चीत बसून. आधी चार दिवस करून दाखवायचं. जमलं तर फिरती सुटणार, नाही जमलं तर पुन्हा माझी गाडी आणि पुन्हा माइक. ताईचा जीव तेवढ्यानेच भांड्यात पडला. नवरा संध्याकाळी घरी येणार, एवढंच तिला हवं होतं.

पण पहिल्याच दिवशी घोडं अडलं. आजोबा मुलाला सांगतात, “तुझी आई गेली तेव्हा मी घरात नव्हतो.” दाजींनी वाक्य उत्तम म्हटलं. मग भुवई जराशी वर करून थांबले. लाइटवाला फिसकन हसला. पुढच्या वाक्याला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. दिग्दर्शिका त्यांच्या मुलीच्या वयाची, पण पोर समजूतदार. तिने त्यांना बाजूला घेतलं.

“काका, प्रत्येक वाक्यानंतर तुम्ही कशासाठी थांबताय?”

“मी थांबतो?”

“घरी कुणाला तरी समोर बसवा. तुमचं वाक्य संपायच्या आत त्यांनी बोलायचं, त्यांचं संपायच्या आत तुम्ही. परवापर्यंत नाही जमलं तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. मला ते करायचं नाहीये, काका.”

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. दाजी तर दोन-तीनदा मेले होते, तरी ती जिवंत होती.

त्या संध्याकाळी ताई संवादांचे कागद घेऊन समोर बसली. मी पंच. पण ताईला मध्ये घुसताच येईना. दाजी वाक्य म्हणायचे, थांबायचे, आणि ती त्या थांबण्यात शांतपणे आपलं वाक्य ठेवायची.

“अगं, मला तोड ना.”

“तुम्ही थांबलात की बोलते ना मी. आपण नेहमी तसंच तर बोलतो.”

“ते थांबणं तुझ्यासाठी नसतं गं,” दाजी पायमोजा ओढत म्हणाले. “ते हशासाठी. घरीदारी तीच सवय लागलीय.”

ताईने कागदावरची नजर वर केली नाही. “म्हणजे भाजीत मीठ कमी आहे म्हणता आणि थांबता, तेव्हाही?”

“तेव्हाही असेल.”

चहा ठेवायला ती आत गेली, तिच्यामागे मी. ती दूध शोधत होती आणि दूध समोरच होतं. “मला वाटायचं,” ती म्हणाली, “आपलं बोलून झाल्यावर बायकोचं ऐकायला थांबणारा हा एकच पुरुष असेल. बाबा कधी थांबले का रे? मी तर मैत्रिणींना कौतुकाने सांगत आले.”

मला दाजींचा राग आला. त्यांनी रागावण्यासारखं काहीच केलं नव्हतं, म्हणून तो जास्तच आला.

चहाचे कप घेऊन ताई बाहेर आली, बसली, आणि त्यांचं पहिलंच वाक्य तिने अर्ध्यात तोडलं. दुसरंही तोडलं. जेवताना, अंथरूण घालताना, त्यांना एक वाक्य तिने धड संपवू दिलं नाही. दाजींच्या नाकीनऊ आले, पण जीभ धावायला शिकली. आजोबांचं काम त्यांना मिळालं.

आता ते रोज संध्याकाळी घरी असतात आणि बोलतात. सेटवरचं, गुडघ्याचं, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं, एकाला एक जोडून. वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू.

गेल्या महिन्यात मी जेवायला गेलो तेव्हा ताईने मला स्वयंपाकघरातच सांगितलं, की डॉक्टरांनी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरवलंय, सोमवारी. “यांना आज तरी सांगते. कधीची सांगायला बघतेय, मध्ये शिरायला फटच सापडत नाही.”

ताटावर दाजी मेकअपमनबद्दल बोलत होते. ताई म्हणाली, “अहो, ऐका ना,” तोवर ते कुत्र्यावर गेले. तिने पुन्हा तोंड उघडलं, तोवर गुडघ्यावर. मी मध्ये पडणार, इतक्यात ताई हसली. हसण्यासारखं काही चाललेलं नव्हतं. चांगली मोठ्याने हसली.

दाजी थांबले. हातात घास, भुवई वर, हसू उतरायची वाट पाहत.

“सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे,” ताई म्हणाली. “तुम्ही बरोबर याल का?”

दाजींनी घास ताटात ठेवला आणि “येईन” म्हणाले. गेलेही.

तेव्हापासून मी त्यांच्या दारात पोचलो आणि आतून ताईचं हसणं ऐकू आलं, तर बेल वाजवत नाही. थोडा वेळ जिन्यात उभा राहतो. तिला काहीतरी सांगायचं असतं.