पिसं झडलेल्या मोराची गोष्ट

वर्ग खदाखदा हसत होता आणि मेश्राम बाई पोरांना खुशाल हसू देत होत्या. मी मागच्या बाकावर बसून धुसफुसत होते.

मी तेव्हा आर्णी तालुक्यात केंद्रप्रमुख होते. म्हणजे आसपासच्या जिल्हा परिषद शाळांवर देखरेख करायची. तांड्यावरच्या या शाळेत मी आले होते ती तिसरीतल्या पायलसाठी. डोक्यात फोड झाले म्हणून आईनं तिचे सगळे केस काढले होते. वर्गातला अंकुश तिला टकली म्हणाला, मग सगळ्यांनीच ते धरलं. पोरगी शाळेत येईना. सकाळी बाई आणि मी तिच्या घरी जाऊन आलो, तर ती आतून बाहेरच आली नाही.

“रातभर रडते बाई,” तिची आई म्हणाली. “उद्या तिचा मामा येऊन राह्यला. जाऊ द्या तिले तिकडंच.”

मामाच्या गावाला गेलेल्या अशा मुली मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या. त्या शेळ्या राखतात. शाळेत त्यांचं नाव तेवढं उरतं.

माझा उपाय सरळ होता. अंकुशला उभं करायचं आणि माफी मागायला लावायची.

“माफी तं तो मागते, मॅडम,” बाई म्हणाल्या. “पण घरी जाताना अजून चिडवते. मले एक तास द्या.”

गोष्ट सुरू झाली, तेवढ्यात माझ्या वरच्या विस्तार अधिकारी साहेबांचा फोन. वाचन चाचणी झाली का? मी म्हटलं, गोष्ट सुरू आहे. गोष्टी चाचणीनंतर सांगा, असं ते म्हणाले. मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

गोष्टीतल्या मोराची सगळी पिसं झडतात. बिनपिसाऱ्याचा मोर बाईंनी असा काही चालून दाखवला की पोरं लोळायला लागली. माझा राग त्याच हशावर होता. मग मोर झुडपात लपला. ऊन तापलं, त्याला तहान लागली. पाणवठ्यावर मात्र सगळे जमलेले. इथे बाई थांबल्या.

ही त्यांची नेहमीची पद्धत. गोष्ट अर्ध्यात सोडायची आणि पुढची पोरांनी सांगायची, पण मोर होऊन, ‘मी’ म्हणून. एक मुलगी अंधार पडल्यावर पाणी प्यायला गेली. एकानं झुडपातच विहीर खणली. मग अंकुशची पाळी आली. तो हसतच उठला, ‘मी मोर’ म्हणाला आणि अडकला. पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला.

“मी येतो पाणी प्याले,” शेवटी तो म्हणाला. “पण तुमी तिकडं तोंड करा.”

कोणी हसलं नाही. पायलचं नाव माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते गिळलं. त्यांनी कसलाच उपदेश केला नाही. शाळा सुटली, पोरं घरी गेली. मला वाटलं, तास वाया गेला आणि पोरगीही हातची गेली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, तर शाळा भरायच्या वेळी तिसरीचा वर्ग रिकामा. आम्ही दोघी पायलच्या घराकडे निघालो. दारात मामाची मोटरसायकल उभी होती. अंगणात तिसरीची सगळी पोरं घराकडे पाठ करून उभी होती.

“ये न पायल,” अंकुश मागे न वळता म्हणत होता. “आमी पाहून नाही राह्यलो.”

बऱ्याच वेळानं पायल दप्तर घेऊन बाहेर आली. डोक्याला आईची ओढणी गुंडाळलेली. ती पोरांना वळसा घालून पुढे गेली आणि त्यांच्या तोंडासमोर उभी राहिली.

“चला न,” ती म्हणाली. “उशीर होऊन राह्यला.”

मामा एकटाच परत गेला. बाईंनी पदरानं डोळे पुसले, मीही पुसले. इतकं मोठं काम इतक्या गुपचूप करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आता मी निवृत्त आहे. प्रशिक्षणात ही हकीकत सांगितली की शिक्षक मोराची गोष्ट लिहून मागतात. मी देते. गोष्ट सांगणं सोपं आहे. ती संपल्यावर तोंड बंद ठेवणं मला अख्ख्या नोकरीत जमलं नाही, बाईंना रोज जमायचं.