चिमूटवाल्यांची टकटक

माझे सासरे घरात कुठे आहेत ते विचारावं लागत नसे. आधी टकटक ऐकू यायची. साखरेच्या डब्यावर चमच्यानं, कपाटाच्या दारावर बोटानं, औषधाच्या बाटलीवर नखानं. वाजवायचे, कान लावायचे आणि मग पुढे सरकायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला दिसतोय. नवऱ्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "कामाची सवय आहे गं. सोड."

काम म्हणजे वॉटर वर्क्सचं. दात किडू नयेत म्हणून शहराच्या पाण्यात चिमूट चिमूट फ्लोराइडची पावडर सोडणाऱ्या यंत्रावर त्यांची उभी हयात गेली. सगळे त्यांना चिमूटवालेच म्हणत. ऐन तिशीत कवळी लागलेली, त्यामुळे कामावर भारी श्रद्धा. "आमच्या वेळी चणे होते, दात नव्हते," म्हणत कवळी काढून दाखवायचे. पावडर सुरू झाल्यावर शाळेत गाल सुजलेली पोरं कमी दिसू लागली, याचा तर असा तोरा, जणू एकेक दात यांनीच बसवलाय! पाण्यात विष कालवता, असं कोणी म्हटलं की उसळायचे, "मीठसुद्धा मुठीनं खाल्लं तर बाधतंच की. चिमूट तारते, मूठ मारते!"

आणि एकदा मूठ पडली. हवा दमट असली की पावडर यंत्राच्या नरसाळ्यात कमान धरून बसायची, खाली काही उतरायचं नाही. मग बाहेरून लाकडी मोगरीनं ठोकायचं, हळू, कान देऊन. त्या सकाळी कमान हलेना, म्हणून त्यांनी मोगरी जोरात हाणली. अख्खा ढीग धप्पकन खाली गेला. जास्तीची पावडर अडवणारी झडप कधीची बिघडलेली होती. पाणी बंद करेपर्यंत खालच्या आळीत लोकांना उलट्या सुरू झाल्या होत्या. शिवणकाम करणाऱ्या एका बाईला तर इस्पितळात न्यावं लागलं. ती बरी होऊन घरी आली. चौकशीत दोष झडपेवर गेला, यांना कोणी शब्दानंही बोललं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. पुढं ती बाई रस्त्यात दिसली की हे समोरच्या बाजूनं जायचे. ती बिचारी हात करायची.

ते निवृत्त झाले आणि आमची छकुली जन्मली. तिला वरचं दूध सुरू झालं तसे सासरे सायकलला कॅन बांधून गावाबाहेरच्या हातपंपाचं पाणी आणू लागले.

"बाबा, घरात नळ आहे ना?" मी म्हणायची.

"नळामागे माणूस असतो, सूनबाई. पंपाखाली नुसता खडक आहे. खडकाचा हात चुकत नाही."

"अहो, सगळ्या शहराची पोरं तुमचंच पाणी पिऊन वाढली!"

"ती लोकांची पोरं," ते बोलून गेले, आणि मग दिवसभर माझ्याकडे बघेनात.

दुधानं तोंड पोळलेल्याला ताक फुंकू नको म्हणून कोण सांगणार? कॅन येत राहिले, माझं तोंड चालू राहिलं, आणि छकुली तेच पाणी पिऊन मोठी झाली.

तिचे पक्के दात आले ते पांढऱ्या रेघा घेऊन. पुढच्या दोन दातांवर तपकिरी डाग. सासऱ्यांनी तिला खिडकीपाशी नेलं, हनुवटी धरून बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"माझी पावडर," ते म्हणाले. "मी नळाचा थेंब लागू दिला नव्हता. मग हिच्यापर्यंत पोचली कशी?"

आवाज असा, जणू ती पावडर त्यांचा माग काढत घरात शिरली होती.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पाणी कुठलं ते विचारलं आणि हातपंपाचं पाणी तपासायला लावलं. त्यात नळाच्या कितीतरी पट फ्लोराइड निघालं, खडकातूनच उतरलेलं. डाग त्याचेच. दात बळकट आहेत, डाग मोठेपणी झाकता येतील, असं बाई म्हणाल्या. सासरे खाली मान घालून बसले होते. आयुष्यभर शहराचं पाणी तपासलेल्या माणसानं हे एवढं पाणी तपासलं नव्हतं. त्याला माणसाचा हात लागला नव्हता ना.

कॅन गेले. टकटक मात्र वाढली. छकुली हसली रे हसली की सासऱ्यांची बोटं टेबलावर सुरू. हळूहळू ती तोंडावर हात धरून हसायला लागली. शेवटी एकदा ओट्यापाशी तिला जवळ घेऊन विचारलं, "शाळेत चिडवतात का गं तुला?"

"नाही. शाळेत मी मोठ्यांदा हसते."

"मग घरीच का हात धरतेस?"

"माझे दात दिसले की आजोबा टकटक करतात. घाबरतात ते, आई."

सासरे दारातच उभे होते, हातात चमचा. सगळं ऐकलं होतं त्यांनी. आत आले, चमचा माझ्या हातात दिला. नळाखाली पेला धरून भरला आणि तिच्यापुढे ठेवला.

ती गटागटा प्यायली आणि त्यांच्याकडे बघून हसली, हात न धरता. त्यांची बोटं ओट्यावर टकटक करायला उठली. त्यांनी ती दुसऱ्या हातानं घट्ट दाबून धरली.