गुरुजींनी निवडलेलं फुकटचं कार्ड

ती केस विसरून जावी असं मला पुष्कळदा वाटलं. निवृत्तीनंतर खून, दरोडे, सगळं हळूहळू पुसट झालं. ही एक साधी फसवणूक मात्र डोक्यातून जात नाही.

जवळा बाजारचा आठवडी बाजार तेव्हा माझ्या हद्दीत होता. तिथं लिंबाखाली टेबल टाकून एक निवृत्त गुरुजी बसत. लोकांचे अर्ज भरून देत, आलेले कागद वाचून दाखवत. पैसे घेत नसत. कुणी चहा पाजला तर पीत.

एक दिवस जवळच्या तांड्यावरच्या सात बाया ठाण्यात आल्या. ठाणे अंमलदाराने त्यांना बसवलं, पाणी दिलं. बाजारात टाय लावलेला एक तरुण आला होता, बँकेचा म्हणे. वार्षिक फी नसलेली दोन क्रेडिट कार्डं त्याने दाखवली. एकावर पेट्रोलचे पॉइंट, दुसऱ्यावर किराण्याचे. पॉइंट साठले की वस्तू फुकट. बायांनी अर्ज भरून घेतले, त्यात एटीएम कार्डाचे पुढचे-मागचे नंबरही दिले. नवं कार्ड आलंच नाही, आठवड्यात खाती मात्र रिकामी झाली.

"दोनातलं कोणतं घ्यायचं, हे कुणी ठरवलं?" मी विचारलं.

"गुरुजीनं," त्यातली थोरली म्हणाली. "किराण्याचं घ्या म्हनले. पेट्रोल टाकाया आमच्याकडं गाडी कुठंय, साहेब?"

दुपारी माझा खबऱ्या आला. बाजारात त्याची पानटपरी होती. "साहेब, त्या बायांच्या बँकेचे नंबर गुरुजीच्याच मोबाइलवर येऊन राहिलेत. बघा काय ते." हिंगोलीच्या सायबर सेलने तेच सांगितलं. सातही खात्यांना नोंदवलेला मोबाइल गुरुजींचा होता, आणि प्रत्येक वेळी ओटीपी त्याच मोबाइलवर आला होता.

झालं! मला वाटलं, म्हातारा सापडला. दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी जीप थेट टेबलापर्यंत नेली आणि भरल्या बाजारातून गुरुजींना उचललं. लोक मोबाइलवर शूटिंग करत होते. मी कुणाला अडवलं नाही. खरं सांगतो, तेव्हा मला बरंच वाटत होतं.

ठाण्यात ते बाकावर ताठ बसले.

"सात बायांच्या खात्यांना तुमचाच नंबर काहून?"

"त्यांच्याकडं मोबाइल न्हवते, साहेब. मेसेज वाचता येत न्हाईत. खातं उघडताना माझा नंबर टाकायच्या. सरकारचा हप्ता आला की मी सांगायचो."

"आणि ओटीपी?"

"त्या पोराचा फोन यायचा. पॉइंट चालू करायचा नंबर सांगा म्हणायचा. मी सांगितला."

"वा! आणि म्हणे गुरुजी!" मी म्हणालो.

त्यांच्या पिशवीत शंभर पानी वही निघाली. पट्टीने रकाने आखलेले. कोणत्या कार्डावर कुठं किती पॉइंट, ते कधी बाद होतात, बिल उशिरा भरलं तर काय. दोन दिवस खपून केलेलं काम होतं. त्या तरुणाला त्यांनी भंडावून सोडलं असणार. एवढं सगळं विचारलं, फक्त त्याचं ओळखपत्र मागितलं नाही. समोर दोन बऱ्या गोष्टी ठेवून 'कोणती?' विचारलं, की 'तू कोण?' हे विचारायचं माणसाकडून राहून जातं.

मागच्या पानावर अर्जदारांची यादी होती. सात नावं, आणि आठवं गिरवून खोडलेलं. मी वही खिडकीशी धरली. आठवं नाव गुरुजींचं होतं. बँकेत फोन लावला. त्यांचं पेन्शनचं खातंही तसंच रिकामं झालं होतं.

"गुरुजी, तुमचंही गेलं? मग तक्रार का नाही दिली?"

त्यांनी चष्मा काढला. "सात जणींचं माझ्या शब्दावर गेलं, साहेब. त्यांच्या रांगेत कोणत्या तोंडानं उभा राहू?"

मला माझीच लाज वाटली. मी त्यांचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला आणि जा म्हणालो. ते उठले नाहीत.

"एक मागणं आहे. ज्या गाडीतून आणलं, त्याच गाडीतून पुढच्या बाजारी मला टेबलापर्यंत नेऊन सोडाल?"

"बघू," मी म्हणालो, आणि हवालदाराला त्यांना एसटीत बसवून द्यायला सांगितलं.

फोनच्या नंबरावरून वीस दिवसांनी तो तरुण दुसऱ्या जिल्ह्यातल्या लॉजवर सापडला. बायांना थोडेफार पैसे परत मिळाले. मला वरून शाबासकी मिळाली. पुढच्या बाजारी मी बंदोबस्तावर होतो, त्याच्या पुढच्या बाजारी बैठक होती. मग ते राहूनच गेलं.

निवृत्त व्हायच्या आधी एकदा बाजारातून जात होतो. लिंबाखाली टेबल होतं, गुरुजी होते, समोर कुणी नव्हतं. त्या सातांतली थोरली बाई पलीकडच्या ऑनलाइन सेंटरच्या रांगेत उभी होती. मला पाहून गुरुजींनीच चहा सांगितला.

"गुरुजी, कागदावर तुमच्यावर काहीच नाही," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. "पण नेताना बाजार भरलेला होता, साहेब."

पोलिसाने माणूस कसा उचलावा हे मला नोकरीत शिकवलं होतं. कसा परत नेऊन सोडावा, हे या केसने शिकवलं, तेही उशिरा. ठाण्यापासून त्या टेबलापर्यंत जीपला दहा मिनिटं लागत होती. मी गेलो नाही.