सुचलं आणि सुचवलं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आमच्या ह्यांच्यापाशी नाही. ते जाईपर्यंत वेळ भरपूर होता, तरी नाही. चर्चच्या पाळकसाहेबांपाशी नाही. आणि ज्याला न सांगताच सगळं कळतं म्हणतात, त्याच्याशी बोलतानाही मी या जागेपाशी आले की विषय बदलते. आजाऱ्यांची यादी काढते, नातीच्या लग्नाचं बघ म्हणते. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. तुम्ही समोर बसून ऐकताय आणि माझ्या ओळखीचे नाही, एवढं पुरे असावं.

मी लिहिते. मोठं काही नाही, मननं लिहिते. शास्त्रातलं एक वचन, त्यावर रोजच्या जगण्यातला एखादा प्रसंग, शेवटी चार ओळींची प्रार्थना. आमची चर्चची मंडळी लहान, पौडपासून पिरंगुटपर्यंत विखुरलेली. रविवारच्या उपासनेत चार पानी पत्रक वाटतात आणि मागच्या पानावर माझं मनन असतं. चोवीस वर्षं झाली, एक रविवार चुकला नाही. हल्ली ख्रिस्ती लेखिकांच्या मेळाव्यांना मला बोलावतात — लेखनाचा नेम कसा धरावा आणि कसा पाळावा, यावर बोलायला. मी जाते. शाल घेऊन येते.

माझी नात माणमध्ये खोली घेऊन राहते, आयटीत आहे, तीही लिहिते. तिच्या मोबाइलमध्ये रोजचे शब्द मोजणारं काहीतरी आहे. एक दिवस चुकला की साखळी तुटते आणि पडद्यावर रडकं तोंड येतं. तिनं विचारलं, “आजी, तुझी साखळी कशी गं नाही तुटली?” मी म्हटलं, “प्रार्थनेच्या बळावर.” ते खरंच आहे म्हणा. फक्त कुणाच्या प्रार्थनेच्या, ते तिनं विचारलं नाही.

थांबा, येते तिकडे. आधी त्या बाईची ओळख करून देते. ती म्हणजे मीच, अठ्ठेचाळीस वर्षांची शाळामास्तरीण, कडक इस्त्रीची साडी आणि त्याहून कडक मान. नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेत उभी राहिली आणि कुणी मागितलेलं नसताना साऱ्या मंडळीदेखत जाहीर केलं — दर रविवारी एक मनन देईन, प्रभूला वचन देते. प्रभूनं नको म्हटलं नाही, एवढ्यावर तिनं त्याचा होकार धरला. मग वहीत रकाने आखले : वचन, विषय, झालं. ‘झालं’च्या रकान्यात ती बरोबरची खूण करायची नाही, लाल शाईनं छोटा क्रूस काढायची. येशूला खिळलं त्या गुलगुथेच्या टेकडीवरही तीनच होते. हिच्या वहीत वर्षाला बावन्न!

वेळापत्रकही होतं. सोमवारी वचन, मंगळवारी विषय, बुधवारी लिहायचं, गुरुवारी सकाळी पौडच्या झेरॉक्सच्या दुकानात द्यायचं. आणि बुधवारी पान पुरं होईतो चहा नाही, असा उपास. स्वतःपुरता ठेवला असता तर गोष्ट वेगळी, पण तो ह्यांनाही घडायचा. हे बिचारे एसटी स्टँडवर जाऊन चहा पिऊन यायचे आणि दारातून विचारायचे, “काय, उतरला का पवित्र आत्मा? की गाडी अजून पिरंगुटलाच?”

मला राग यायचा. आता हसू येतं.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात लिहिणारा माणूस ‘मला सुचलं’ म्हणत नाही. ‘सुचलं’ म्हटलं की गर्व. ‘प्रभूनं सुचवलं’ म्हणायचं. कुणी म्हणालं, बाई, काय सुंदर लिहिलंत, की मान थोडी वाकडी करून, डोळे खाली घालून — प्रभूनं सुचवलं. मला ते फार छान जमायचं. आरशासमोर केलं असेल का कधी? केलं असेल.

दुसऱ्या वर्षी एका आठवड्यात काहीच सुचेना. म्हणजे, तो सुचवेना. वचन निवडलेलं, अंधार-उजेडाचं, पण त्यावर प्रसंग नाही. मंगळवार कोरा गेला. बुधवारी दुपारी बायकांची प्रार्थना उरवड्यात मार्थाबाईच्या घरी होती. मार्थाबाई तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला, सकाळच्या पाळीत. लिहितावाचता येत नव्हतं, वचनं मात्र तोंडपाठ. वर्षापूर्वी तिची आंधळी सासू वारली होती.

आमच्या बायकांच्या प्रार्थनेत शेवटी सगळ्या जणी एकदम प्रार्थना करतात, मोठ्यानं, प्रत्येकीची आपापली. बाहेरून कुणी ऐकलं तर म्हणेल, भांडण लागलंय. पण त्यात एक सोय असते. सगळ्याच बोलत असल्या की कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही. एका खोलीत सहा माणसं राहतात, त्या घरातल्या बाईनं आपलं मन मोकळं करायचं कुठं? त्या गलक्यात. तिथं ऐकणारा एकच. शेजारणीचं ऐकू नये, हे कुणी शिकवत नाही. ऐकू येऊ नये म्हणून करायचं एकच असतं — आपण आपलं बोलत राहायचं.

मी गप्प बसले.

आधी खरंच शब्द नव्हते म्हणून. मग — मग शेजारी मार्थाबाई होती, आणि तिचं एक वाक्य कानावर पडलं, आणि मी गप्पच राहिले. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि कान तिच्याकडे. थोडी सरकलेही. हो, सरकले.

ती देवाला सांगत होती. आंधळी सासू पहाटेपासून हाक मारायची, उजाडलं का गं? एकदा ती उठली की तिला धुवा, भरवा, फिरवा. पाळीची वेळ टळायची. म्हणून ही तिला सांगायची, न्हाई आत्या, अजून न्हाई उजाडलं, निजा. आणि दाराबाहेर ऊन आलेलं असायचं. पाळी करून तीन वाजता घरी यायची, मग म्हातारीची सकाळ करायची. असं वर्षभर. म्हातारीच्या अंगाला ऊन लागत असणारच. ती काही बोलली नाही. एकदाच म्हणाली, लई लांबली गं रात.

मला त्या क्षणी काय वाटलं? दया आली? धक्का बसला? मला वाटलं — मिळालं.

संध्याकाळी पान झालं. चहा घेतला. ह्यांनाही दिला.

रविवारी मी ते उभं राहून वाचलं. नावं अर्थातच नव्हती, ‘एक सून’ एवढंच. मार्थाबाईचं वाक्य मी शुद्ध करून घेतलं होतं, ‘अजून उजाडलं नाही, झोपा.’ बायका रडल्या. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. मार्थाबाई तिसऱ्या रांगेत होती. ती रडली नाही. तिचा पदर खांद्यावर घसरला होता, तो तिनं सावरला नाही.

उपासना सुटल्यावर चपला घालताना ती जवळ आली. “बाई, ही गोस्ट तुमास्नी कुनी सांगितली?”

मी ऐकली, मार्थाबाई, चुकलं माझं — एवढं म्हणायचं होतं. आजूबाजूला फार कुणी नव्हतं. मान थोडी वाकडी झाली, डोळे खाली गेले.

“कुणी नाही. प्रभूनं सुचवलं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “त्येनं? म्या तर फकस्त त्येलाच सांगितलं हुतं.”

मी चपलेत पाय सरकवला. तीच म्हणाली, अगदी हळू, “मंग मापी न्हाई केली म्हना त्येनं. केली आस्ती, तर चारचौघांत कशाला काढली आस्ती?”

आणि बसला गेली.

ती मंडळीत येत राहिली. बुधवारीही यायची. पण शेवटी सगळ्या एकदम बोलायला लागल्या की ती ओठ मिटून बसायची. ज्याला सांगितलेलं चव्हाट्यावर येतं, त्याला कशाला सांगायचं? तिचं काय चुकलं? मी शेजारी असले की तो गलका मला एकाच बाजूनं ऐकू यायचा. दर बुधवारी. बोलले असते तर एका बुधवारी मिटलं असतं. लाजेनं बोलले नाही असं म्हणाले असते, तर तुम्हाला माझी कीव आली असती. तसं नाही. खरं सांगितलं असतं तर मागचं पान गेलं असतं.

गेल्या वर्षी मार्थाबाई अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेले, सांगायचंच ठरवून. तिची सून चहा टाकायला आत गेली आणि आम्ही दोघीच उरलो. मी म्हटलं, “मार्थाबाई, प्रार्थना करूया.”

“तुमीच करा, बाई. तुमचं त्येचं बोलनं हाय.”

मी तोंड उघडलं, आणि प्रार्थना केली. लांबलचक, शुद्ध, चांगली उतरलेली. दुसऱ्याचा फोन संपायची वाट बघावी, तशी ती छताकडे बघत पडून होती. मी आमेन म्हटलं. ती म्हणाली नाही.

चार दिवसांनी गेली. दफनविधीच्या वेळी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, मार्थाबाई मूक प्रार्थनेची स्त्री होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिची सून माझा हात धरून रडली.

त्या रविवारी मागच्या पानावर तेच छापून आलं.