जुना पत्रा जमा करा

‘वादळ निसर्गाचं, नुकसान माणसाचं’ हे वाक्य मी त्या काळात इतक्या पत्रकांच्या माथ्यावर घातलं होतं, की आमचा डीटीपीवाला मला न विचारताच ते पहिल्या ओळीत टाकून ठेवायचा. पण तोवर मी दुसऱ्यांच्या नुकसानीबद्दल लिहीत होते. त्या मे महिन्यात झाड पडलं ते मी रोज जेवत होते त्या जागेवर.

मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत एका बंगल्याच्या कडेला टेकवलेली पत्र्याची शेड, तीच काकूंची मेस. काकू वर्ध्याकडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्यात आल्या, नवरा गेला, त्या गेल्या नाहीत. शेडमध्ये लांब बाकडी, आत ओटा, आणि ओट्याच्या मागे काकूंची झोपायची जागा. त्यांचं घर आणि धंदा एकाच छपराखाली होता. जेवायला नागपूर-अमरावतीकडची पोरं. सगळी नव्यानं आयटीत लागलेली, गळ्यात कंपनीचा पट्टा, स्वारगेटला बस धरायची घाई. कंपनीत म्हणे काचेचं उपाहारगृह होतं, थंड हवेचं. पण तिथल्या वरणाला जीव नव्हता, असं पोरं म्हणायची आणि रात्री काकूंकडे येऊन झुणका-भाकरीवर तुटून पडायची. मी त्यांच्यातली एकटीच पुण्याची आणि एकटीच बेकार. म्हणजे चळवळीत होते.

बंगला मालकांचा. मालक एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. उदारीकरण आलं, कारखान्यानं स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, आणि मालक स्वेच्छेनं नव्हे तर ढकलल्यामुळे घरी आले. पण त्यांच्यातलं स्टोअर काही निवृत्त झालं नाही. बल्ब गेला तर आधी जुना बल्ब हातात द्यायचा, मग ते नवा काढणार. काकूंच्या मोरीचा नळ बिघडला तेव्हाही, “जुना वॉशर जमा करा.” एकटेच होते. दोन्ही वेळचा डबा काकूंकडून जायचा, आणि दोन्ही वेळा तक्रार यायची. मी पहिल्यांदा मेसमध्ये गेले, भिंती, पत्रे, नाली न्याहाळायला लागले, तर जिन्यातून आवाज आला, “आपण जेवायला आलात की पाहणीला?”

त्या दुपारी कात्रजच्या बाजूनं आभाळ काळंनिळं होऊन आलं. काकूंच्या कुरडया मालकांच्या गच्चीवर वाळत होत्या. काकू ओरडल्या, “चाला गा चाला, कुरडया!” आणि सुट्टी म्हणून आरामात जेवत बसलेली सगळी पंगत उष्ट्या हातांनी जिना चढली. गच्चीवर पोचेपर्यंत वारा असा सुटला की साडीवरच्या कुरडयांसकट साडीच उचलली गेली. एका पोरानं ती अंगावर झेलली. गारा लागल्या. आणि मग खालून एक आवाज आला. कडकड नाही, एक लांब, ओला आवाज, चिखलातून पाय ओढावा तसा. अंगणातला गुलमोहर मुळासकट उपटून मेसवर आडवा झाला होता, आणि सुटे झालेले पत्रे वाऱ्यानं पार उडवून नेले होते.

शेडमध्ये कोणी नव्हतं. कुरडयांनी आम्हांला वाचवलं, हे मी कुठल्याही सभेत सांगायला तयार आहे.

अग्निशामक दलाची गाडी आली तेव्हा आत गॅस चालू होता. एक जवान फांद्यांखालून पोटावर सरपटत आत गेला. थोड्या वेळानं सिलिंडर ढकलत बाहेर आला, अंगभर लाल पाकळ्या चिकटलेल्या. काकू पुढे धावल्या. मला वाटलं, त्याच्या पाया पडतात.

“कुकर उतरवला काय गा?”

“उतरवला, मावशी,” तो धापा टाकत म्हणाला. “चेपलाय जरा. डाळ शिजलीय.”

त्यांनी करवतीनं रस्त्यावर आलेला शेंडा कापला, वीज कंपनीच्या माणसांनी लोंबती तार तोडली, आणि सगळे पुढच्या झाडाकडे निघाले. बुंधा तसाच शेडवर. मी आडवी आले. “हे असंच टाकून जाणार?” त्यांचा प्रमुख थकलेला होता. म्हणाला, “ताई, रस्ता मोकळा करणं आमच्याकडे. आवारातलं झाड मालकाकडे. गावभर झाडं पडलीत, सोडा आता.” मी सोडलं. पण राग कुठंतरी जायला हवा होता, तो मुळांकडे गेला.

मुळं बघितली आणि कळलं. मालकांनी गेल्या वर्षी पाचोळ्याला कंटाळून सगळं अंगण शहाबादी फरशीनं आणि सिमेंटनं बंद केलं होतं, अगदी बुंध्याच्या सालीपर्यंत. पाणी नाही, हवा नाही, मुळं कुजलेली. निम्म्या पुण्यानं हेच केलंय. पाचोळा नको, चिखल नको, मग झाड अंगावर घ्या! मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहून काढलं: ‘झाड वाऱ्यानं नव्हे, फरशीनं पाडलं.’ मालकांचं नाव नव्हतं, पण गल्लीत दुसरा बंगला होता कुठे?

सकाळी गठ्ठा घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी वरचा कागद चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

“खरं हाय,” म्हणाल्या. “छान लेहलं.” आणि गठ्ठा घेऊन त्या मालकांच्या व्हरांड्यात गेल्या, एकेक कागद फरशीवर अंथरला आणि भिजलेल्या कुरडया त्यावर पसरल्या. छापील बाजू खाली.

“काकू!”

“काहून वं बोंबलतेस? तुह्या कागदानं माह्या चुलीवरचं पाणी थांबते काय? थो माणूस चिडला तं मी कुठी जाऊ?”

प्रश्न तोच होता. काकूंचा सगळा संसार त्या पत्र्यांखाली, आणि पत्रे आता नव्हते. त्यातून एक बिल्डर आठवड्यामागून आठवडा मालकांच्या दारात गाडी लावत होता. आयटीवाल्यांसाठी फ्लॅट काढू म्हणायचा. त्याची एकच अडचण होती, ती शेड. वादळानं त्याची अडचण फुकटात दूर केली. दुसऱ्याच दिवशी तो आला, पडलेल्या मेसकडे बघून चकचकीत चेहऱ्यानं म्हणाला, “अरेरे.” पावसाळा तोंडावर होता. तोवर छप्पर झालं नाही तर काकू गावी भावाच्या दारात, आणि मेस संपली.

मालक खुर्ची टाकून व्हरांड्यात बसले होते. काकू समोर उभ्या राहिल्या, मी त्यांच्या मागे, हाताची घडी घालून.

“भाऊ, छप्पर टाकाचं हाय.”

मालकांनी बराच वेळ चष्मा पुसला. “दुरुस्तीला माझी हरकत नाही. पण दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती. जे होतं ते, जिथं होतं तिथं. नवा पत्रा आला की ते नवीन बांधकाम झालं, त्याला परवानगी लागते. ते मी होऊ देणार नाही.”

“जुने पत्रे उडाले ना!” मी म्हणाले. “मार्केट यार्डात शोधायचे का?”

“शोधा की. आपल्याला हिंडायची सवय आहेच.”

गल्लीत आल्यावर मी भडकले. हे सरळ हाकलणं आहे, कायद्याची भाषा वापरून. काकू शांतपणे पदर खोचत होत्या. “थो नाही म्हणून नाही राह्यला न? मंग? चाल, पत्रे शोधू.”

आणि मग असा एक शनिवार-रविवार झाला की त्याच्यासारखा मोर्चा मी पुन्हा काढू शकले नाही. सकाळी पोरांनी कुऱ्हाड आणि भाड्याची करवत आणून बुंध्याचे ओंडके केले. एकाच्या तळव्याला फोड आला तर तो कौतुकानं सगळ्यांना दाखवत हिंडला. मग पत्र्यांचा शोध. एक सोसायटीच्या टाकीवर सापडला. एक नाल्यात. एक रसवंतीवाल्यानं आपल्या चरकावर टाकून घेतला होता.

“हा माझाय,” रसवंतीवाला म्हणाला.

“थांब, काकूंना आणतो,” आमच्यातला एक पोरगा म्हणाला.

इथे काकूंची खूण होती. त्यांच्या पत्र्यांची आतली बाजू वर्षानुवर्षांच्या फोडणीनं काळी, चिकट झालेली. काकूंनी पत्रा उलटा करायला लावला, बोट फिरवलं, वास घेतला, आणि बोट रसवंतीवाल्याच्या नाकाखाली धरलं. तो शिंकला. पत्रा आमचा झाला. त्यानंतर पोरांनाही नाद लागला. शिकलीसवरलेली, परदेशातल्या गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलणारी पोरं लोकांच्या गोठ्यांत, गच्च्यांवर पत्रे हुंगत फिरत होती. “हा नाही रे, ह्याला शेणाचा वास येऊन राह्यला.” “हा आपला! मिरचीचा ठसका हाय, बाप्पा!”

सापडलेला प्रत्येक पत्रा मालकांसमोर यायचा. ते खुर्चीतून वाकून बघायचे, मग म्हणायचे, “हं. जमा.” एका पत्र्याला त्यांनी हात आडवा केला. “हा आमचा नाही. आमच्याला कडेला पन्हळ दाबलेली नव्हती. परत करा ज्याचा त्याला.” पोरगा तणतणत परत घेऊन गेला. काकू जिन्यात बसून पत्रे लाकडी हातोड्यानं ठोकून सरळ करत होत्या, आणि गल्लीभर तो आवाज चालला होता. जेवण तीन दगडांच्या चुलीवर, गुलमोहराच्याच लाकडावर. ओलं लाकूड, नुसता धूर. मालकांचा डबाही तिथूनच गेला. तक्रार आली: “भात धुरकट आहे.” डबा मात्र रिकामा आला.

रविवारी उतरत्या उन्हात छप्पर उभं राहिलं, एक जागा सोडून. नेमका ओट्यावरचा पत्रा सापडत नव्हता. ती जागा उघडी म्हणजे चूल उघडी. आभाळ पुन्हा भरून येत होतं. शेवटी एक पोरगा मार्केट यार्डाच्या फाटकापासून धावत आला. हातात पत्रा होता, पण कसला! एखादा ट्रक वरून गेला असावा. चोळामोळा, मधून फाटलेला. आतून काळाकुट्ट, फोडणीचा. वाद नव्हता, तो आमचाच होता. आणि तो कशाच्याही उपयोगाचा नव्हता.

काकू त्या चोळामोळ्याकडे बघत राहिल्या, आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा मला त्यांचं वय दिसलं. माझ्या जिभेवर मालकांसाठी एक अख्खं पत्रक तयार होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात मालकच खुर्चीतून उठले. पोराच्या हातातलं ते लोढणं घेतलं, उलटंसुलटं केलं.

“जमा झाला,” म्हणाले. “म्हणजे आता द्यावा लागेल.”

“नवा चालत नाही ना तुम्हांला?” मी विचारलं.

“नवा कोण देतंय?” त्यांनी बंगल्यामागे बोट दाखवलं. “न्हाणीवरचा काढा. माझ्या आधीचा आहे. बिल्डर आला तर सांगेन, दुरुस्ती आहे, जुनं घातलंय. खोटं बोलायची सवय नाही मला.”

पोरांनी जल्लोष केला. मालक म्हणाले, “आरडाओरडा नको. न्हाणीवर माझ्यासाठी ताडपत्री बांधा. नीट बांधा.”

अंधार पडायच्या आत पत्रा बसला आणि पाऊस आला. वरून असा ताशा वाजायला लागला की एकमेकांचं ऐकू येईना. आम्ही बाकड्यांवर बसलो, काकूंनी ओट्यावर पहिलं पिठलं घातलं. जुन्या खिळ्यांची भोकं आम्ही डांबरानं बुजवली होती, आमचे पत्रे कोरडे ठणठणीत. गळायला लागला तो मालकांचा. टप, टप, सरळ कढईच्या काठावर.

काकूंनी झारा हातात घेऊन दारातून वर हाक मारली, “अहो भाऊ! तुमचाच पत्रा गळून राह्यला!”

मला वाटलं, आता ऐकवतील काहीतरी. जिन्यावर बॅटरीचा उजेड आला. मालक पावसात छत्री घेऊन खाली उतरले, दुसऱ्या हातात डांबराचा डबा. मेसच्या छपराखाली ते त्या दिवसापर्यंत कधी आले नव्हते. बाकड्यावर चढले, एका पोरानं त्यांचे पाय धरले, आणि ते मान वर करून भोक शोधायला लागले.

“छत्री धरा,” मला म्हणाले. “छपराची जबाबदारी मालकाची असते, हे आपण लिहीत असालच कुठंतरी.”

“लिहिते,” मी म्हणाले, आणि छत्री धरली.

काकूंनी खालून विचारलं, “पिठलं वाढू काय, भाऊ?”

“तिखट आहे का?”

“हाव.”

“वाढा,” मालक वरूनच म्हणाले, आणि बोटानं डांबर दाबत राहिले.