गोठ्यातली होडी

माझी लेक आणि जावई पुण्यातल्या नोकऱ्या सोडून शिडाच्या होडीत राहायला निघाले, तेव्हा मी सरळ सांगितलं की तुमचं डोकं फिरलंय. होडी जुनी, गोव्याला दुरुस्तीला लावलेली. तिच्यातच झोपायचं, तिच्यातच रांधायचं आणि वारा नेईल तिकडं जायचं. आमच्या डाळजला उजनी धरणाचं पाणी शेताला लागून आहे, पण त्यावर कुणी संसार मांडत नाही.

बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. एकच लेक. तीही गेली तर मला हाक मारायला कोण उरतं? हे मी बोललो नाही, पण तिला कळलं. म्हणाली, "आबा, तुमी नको म्हणला तर न्हाय जाणार."

नको म्हणायला जीभ उचलेना. मग मी अट घातली.

"हितं होडीएवढी रेघ आखा आन तिच्या आत राहून दाखवा. दिवाळीपर्यंत. रेघंच्या भाईर पाय पडला की विषय बंद."

चार दिवसांत कंटाळतील असा माझा अंदाज होता.

गोठा रिकामाच होता. गाई बायकोच्या हाताच्या, ती गेल्यावर मला धार काढू देईनात, म्हणून विकल्या. जावयानं तिथं चुन्याची फक्की मारली, घराच्या पायाची आखणी करतात तशी. मधे फुगीर, पुढं निमुळती. वाकून चालायची सवय व्हावी म्हणून बांबू रोवून डोक्याच्या उंचीला सुतळ्या ताणल्या. झोपायला फळ्या, एक शेगडी, पाण्याची टाकी. संडास-आंघोळीपुरती बाहेर यायची मुभा, बाकी सगळं रेघेच्या आत.

माझा चुलतभाऊ रोज सकाळी बघायला यायचा. "कुठवर आलं गलबत? भिगवण मागं पडलं का न्हाय?"

लेक आतून म्हणायची, "तात्या, तुमी समुद्रात उभं राहिलाय. चपला भिजतील."

तो खरंच दोन पावलं मागं सरायचा.

भाजी मी रेघेवरून आत द्यायचो, आतून भाकरी-कालवण बाहेर यायचं. इतके महिने मी उभ्याउभ्या काहीतरी गिळत होतो. आता ताट वाढून येत होतं, गोठ्यात बोलणं ऐकू येत होतं, भांडी वाजत होती. त्या दोघांचे हे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

एकदा दोघं पाण्यावरून भांडली. तिनं भांडी घासताना टाकी संपवली होती. आत जागा इतकी चिंचोळी, की एकमेकाला ओलांडायचं तर अंग चोरून दुसऱ्याच्या खांद्याला धरावं लागे. दोघंही धुमसत होती आणि खांद्याला धरूनच इकडून तिकडं जात होती. मला हसू आलं, मग डोळे भरले. घर बांधायच्या आधी आम्ही नवरा-बायको विहिरीवर मोटारीच्या खोलीत राहिलो होतो. तिथं रुसायला जागाच नव्हती. पुढं चार खोल्या झाल्या आणि रुसवे लांबले. त्या खोलीत तिनं माझ्याबरोबर हसत काढलेली वर्षं मला पुढं आयुष्यभर शिदोरीसारखी पुरली.

दिवाळी आठवड्यावर आली. एका सकाळी मी विकतच्या दुधाची किटली घेऊन गोठ्याकडं निघालो आणि ओल्या फरशीवरून घसरून कुशीवर पडलो. लेक सुतळ्या तोडत बाहेर धावली. जावई मात्र जागचा हलला नाही. रेघेला पाय लावून, हात लांब करून माझ्याकडं बोट दाखवत उभा. पापणीही लवत नव्हती.

चुलतभाऊ तिथंच होता. "आवं पाव्हणं, म्हातारं पडलंय ते दिसतंय आमाला. दाखवताय काय?"

जावई भानावर आला आणि धावला. दोघांनी मला बाजेवर टेकवलं. मोडलं काही नव्हतं, मुका मार होता.

"चुकलं, मामा," तो खाली मान घालून म्हणाला. "सवय झालीय."

"कसली सवय?"

"होडीतनं माणूस पाण्यात पडलं तर मागनं उडी मारायची न्हाय. एका हातानं सुकाणू धरायचं, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्यावर. लाटांत डोकं लगेच हरवतं. होडी वळवून त्याच्यापाशी पोचेपर्यंत नजर काढायची न्हाय. हितं रेघंच्या आत रोज सराव करतो आमी ह्याचा."

लेक माझे पाय चेपत होती. म्हणाली, "अट मोडली, आबा. न्हाय जात आमी."

मला हवं होतं ते आपणहून हातात आलं होतं. गप्प बसलो असतो तरी झालं असतं.

पण जावई नजर लावून उभा होता, तसाच मी दवाखान्यात बायकोच्या उशाशी बसलो होतो. शेवटपर्यंत नजर काढली नाही. ती वाचली नाही, पण डोळे उघडायची तेव्हा तिला मी दिसायचो. एवढं करणारा माणूस माझ्या लेकीला मिळालाय, आणि मी त्याला फक्कीच्या रेघेत कोंडून हरायची वाट बघत होतो.

"जावा," मी म्हणालो.

"आन तुमी?"

"माझं मी बघंन. पण तू उडी मारत जाऊ नको. तुला ती खोड हाय. पाव्हण्याकडनं शीक."

"शिकलीय की, आबा."

"न्हाय शिकलीस. आत्ताच बघितलं."

ती रडता रडता हसायला लागली. तोवर चुलतभावानं तुटलेल्या सुतळ्यांना गाठी मारायला घेतल्या होत्या. "दिवाळी व्हायचीय अजून," तो दोघांना म्हणाला. "चला, आत व्हा."

आणि ती दोघं गेली आत.